पोहता येत नाही, तरी स्कुबा: हॅवलॉकच्या निमो रीफवरची ४१ मिनिटं

वेलदोडा

आधीच सांगते, हा धागा पट्टीच्या डायव्हर मंडळींसाठी नाही. मला पोहता येतं म्हणजे सोसायटीच्या टाकीत एक फेरी, तीही कडेकडेने. वय ४४. ज्यांना "आपल्याला कुठलं जमतंय" असं वाटतं, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

फेब्रुवारीत अंदमानला गेलो. सहल खरं तर सासऱ्यांची. त्यांना सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी बघायची होती. ती बघून झाल्यावर ते बाहेर पिंपळाखाली बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "माझं झालं. आता तुमचं काय ते समुद्राचं उरका." समुद्राचं म्हणजे हॅवलॉक. २०१८ पासून नाव स्वराज द्वीप आहे, पण बोटवाल्यापासून नारळवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी हॅवलॉकच.

मी स्कुबाला घाबरत होते, कारण नऊ वर्षांपूर्वी मालवणात एकदा करून बघितलं होतं. बोटीत पंचवीस माणसं, "चला, पुढचे" असा पुकारा, आधीच्या माणसाच्या तोंडातून काढलेला रेग्युलेटर (श्वास घ्यायची नळी) पाण्यात बुचकळून माझ्या तोंडात, आणि खाली. कान दुखतोय हे सांगायची खूणच मला कुणी शिकवली नव्हती. दोन मिनिटांत नाकात पाणी घेऊन वर आले. त्यांनी काढलेल्या फोटोतले माझे डोळे बघून आईने विचारलं होतं, "कोणी ढकललं होतं का गं?"

यावेळी मुलाने (वय १२) हट्ट धरला म्हणून गेले. निमो रीफला बोटीने जावं लागत नाही, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. मला तिथेच निम्मा धीर आला. आधी एक लांबलचक फॉर्म: दमा आहे का, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, चालू गोळ्या. मग कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसवून शाळा. तोंडाने श्वास घ्या. रेग्युलेटर तोंडातून काढा, परत घाला. मास्कमध्ये थोडं पाणी घ्या, वरची कड कपाळाला दाबा आणि नाकाने फुंकून ते बाहेर काढा. हे शेवटचं मला चार वेळा जमलं नाही. शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल. ती प्रत्येक वेळी फक्त मान डोलवायची आणि बोट फिरवून "पुन्हा" म्हणायची. पाचव्यांदा जमलं. मालवणात माझ्या वाट्याला पाच सेकंदही आले नव्हते, इथे नुसत्या सरावात अर्धा तास गेला आणि कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाचे पट्टे. वाळूतून चालताना गुडघे बोलायला लागले. पण पाणी छातीला लागलं आणि कुणी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तसं झालं.

पहिल्यांदा लक्षात आला तो आवाज. पाण्याखाली शांतता असेल असं मला वाटत होतं. कसली शांतता! कढईत मोहरी तडतडावी तसा चारी बाजूंनी एकसारखा तडतडाट. वर आल्यावर कळलं की ती कोळंबीची एक जात आहे, नांगी आपटून आवाज करते. सुरुवातीला नुसती वाळू, तिच्यावर काळ्या दुधीसारख्या पडलेल्या समुद्रकाकड्या. मग प्रवाळाचा पहिला गठ्ठा आला. त्याच्यावर नखाएवढ्या हिरव्यानिळ्या माशांचा ढग होता. माझी सावली पडली तसे सगळे एकदम प्रवाळाच्या फांद्यांत शिरले. सावली सरकली, सगळे बाहेर. मी तीनदा पुढेमागे झाले, तीनदा तोच खेळ. शिकवणाऱ्या मुलीने माझा दंड धरून ठेवला होता, ती हसत होती हे बुडबुड्यांवरून कळत होतं.

आणि निमो, म्हणजे त्या 'फाइंडिंग निमो' चित्रपटातला पट्ट्यांचा क्लाउनफिश. समुद्रफुलाच्या झुबक्यात तीन होते, एक मोठा, दोन लहान. मी जवळ गेले तर त्यातला अंगठ्याएवढा एक सरळ माझ्या मास्कच्या काचेवर चालून आला. घराच्या दारातून म्हातारी काठी घेऊन बाहेर यावी तसा. मी मागे सरकले, तो परत गेला. आयुष्यात मला इतक्या छोट्या प्राण्याने हाकललं नव्हतं.

वर आल्यावर त्या मुलीच्या मनगटावरच्या कॉम्प्युटरवर बघितलं: सगळ्यात खोल ७.८ मीटर, वेळ ४१ मिनिटं. मला दहा वाटली होती.

एक मात्र लपवत नाही. जाहिरातीतल्या फोटोसारखी रंगीत बाग इथे नाही. बरेच प्रवाळ राखाडी, मोडलेले, शेवाळ धरलेले आहेत. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापला तेव्हा अंदमानातले उथळ प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडले आणि त्यातले बरेच मेले. पण मासे आहेत, भरपूर आहेत, आणि मेलेल्या प्रवाळाच्या सांदीतही संसार थाटून आहेत.

प्रश्न असतील तर विचारा.

चहाबाज

जबरी! पण फोटो कुठायत? फोटोंशिवाय अंदमानचा धागा म्हणजे रश्श्याशिवाय मिसळ.

वेलदोडा

@चहाबाज, कॅमेरा मुलाकडे होता. त्याने माझा एकही काढलेला नाही. एका बोईटासारख्या दिसणाऱ्या माशाचे सदतीस आहेत.

सुमती५८

छान लिहिलंय गं. मी ५८ वर्षांची, बीपीची एक गोळी चालू आहे, पोहता अजिबात येत नाही. डिसेंबरात आम्ही दोघं जाणार आहोत. ह्यांना करायचंच आहे. मी करू शकेन का? मुलगा म्हणतो, "आई, तू काठावर बस."

खारंवारं

सुमतीताई, नमस्कार. मी हौशी डायव्हर, साताठ वर्षं करतोय.

पोहता न येणं अडत नाही. ओळखीच्या डाइव्हमध्ये (म्हणजे कोर्स न करता पहिल्यांदा चव घ्यायची ती) प्रशिक्षक तुम्हाला धरूनच असतो. बीपीचं मात्र इथे कुणाला विचारू नका, मलाही नाही. फॉर्मवर 'हो' अशी खूण आली की डॉक्टरांची सही लागते, तीच घ्या. जायच्या महिनाभर आधी फॉर्म मागवून तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. तिथे पोचल्यावर "गोळी लिहू नका, उगाच कटकट" असं सांगणारा कुणी भेटला तर तिथून उठून यावं, इतकं सरळ आहे हे.

वेलदोडा, धागा आवडला, कारण उथळ डाइव्हबद्दल कुणी लिहीत नाही. सगळ्यांना तीस मीटरचे आकडे सांगायचे असतात. थोडा हिशोब मांडतो.

पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, वीसवर ३. जितका दाब, तितकी दर श्वासाला जास्त हवा खर्च. नेहमीचा सिलिंडर ११ लिटरचा, २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरलेला, म्हणजे सुमारे २,२०० लिटर हवा. ५० बार राखीव ठेवले की वापरायला १,६५० उरतात. नवखा माणूस वर मिनिटाला २० लिटर ओढतो असं धरा. पाच मीटरवर त्याला ५५ मिनिटं मिळतील, दहावर ४१, वीसवर २७. शिवाय नवखा माणूस घाबरून दुप्पट ओढतो ते वेगळंच.

दुसरं, रंग. पाणी आधी लाल रंग खातं. पाचेक मीटरनंतर लाल फिका पडायला लागतो, आणखी खाली गेलं की सगळं निळं-राखाडी. त्यामुळे टॉर्च न घेता रीफ रंगीत बघायची तर ती उथळच हवी. प्रवाळालाही ऊन लागतं, त्याच्या पेशींत राहणारी शेवाळं उन्हावर अन्न बनवतात. म्हणून प्रवाळ, त्यावर जगणारे मासे आणि नवखा माणूस, तिघांचीही सोय त्याच पहिल्या दहा मीटरमध्ये आहे.

खोलपाणी

हे ठीक आहे हो, पण अंदमानपर्यंत जाऊन सात मीटर? इतक्या खोलीवर तर स्नॉर्केल (पाण्यावर तरंगत श्वास घ्यायची नळी) घालूनही दिसतं. कर्नाटकातल्या मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटाला जा. पुण्याहून एका रात्रीचा प्रवास, खर्च निम्मा. मी तिथे अठरा मीटर केलंय. बाराकुडा माशांचा थवा डोक्यावरून गेला. ते खरं स्कुबा.

खारंवारं

नेत्राणी सुंदर आहे, वाद नाही. मीही दोनदा गेलोय. पण अठरा मीटरसाठी तुम्ही ओपन वॉटर (डायव्हरचा पहिला) कोर्स केला असणार, तुमच्या कार्डाची मर्यादाच तेवढी आहे. धागा ओळखीच्या डाइव्हचा आहे, तिची मर्यादा १२ मीटर. शिवाय नेत्राणीला उघड्या समुद्रातून बोटीने जायचं, लाटांत उलट्या करत पोचायचं आणि बोटीवरून उडी मारायची. ज्या बाईला मालवणात दोन मिनिटांत नाकात पाणी गेलं, तिला मी आधी तिथे नेणार नाही.

आणि स्नॉर्केलने दिसतं, खरंय. गॅलरीतून रस्ता दिसतो तसं. तो निमो काही वर येऊन तुम्हाला हाकलणार नाही.

खोलपाणी

कोर्स केलाय, बरोबर. उलटीही झाली होती, तेही बरोबर. :)

मालवणी_खवटो

मी मालवणचो. धागो वाचून गप बसाक जमला नाय.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. वेलदोडाताई, तुमच्याबरोबर जे झालं त्याची लाज वाटते. तसे लोक आहेत, मे महिन्याच्या आणि नाताळच्या गर्दीत जास्त. पण "मालवणात काय, बिस्किटं टाकून मासे दाखवतात" हे जे सरसकट बोललं जातं ते ऐकून त्रास होतो.

आमच्याकडे पाणी गढूळ का असतं ते बघा. कर्ली आणि गड नद्यांचा गाळ इथेच समुद्रात येतो. पावसाळा संपल्यावर तो खाली बसायला वेळ लागतो. डिसेंबर-जानेवारीत चांगल्या दिवशी सात-आठ मीटरपर्यंत दिसतं, इतर वेळी तीन-चार. अंदमानसारखं वीस मीटर दिसणार नाही, मग कितीही पैसे द्या. पण किल्ल्याच्या खडपांभोवती प्रवाळ आहेत, गोल दगडासारखे, हळू वाढणारे. सिंधुदुर्ग १६६४ मध्ये बांधायला घेतला, त्याच्या तटाखाली मासे बघायचे, ही गोष्ट तुम्हाला हॅवलॉकमध्ये मिळायची नाही. १९८७ पासून हे समुद्री अभयारण्यही आहे. त्यावरून आमच्या मच्छीमारांचं आणि सरकारचं काय काय झालं तो वेगळा धागा होईल.

तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे शिकलेली आमचीच पोरं आज चांगलं काम करतात. तुम्ही येताना एवढंच करा: शनिवार-रविवार टाळा, सकाळी लवकरची वेळ घ्या, "एका प्रशिक्षकामागे किती माणसं" हे विचारा, आणि पाण्याखाली किती मिनिटं ते ठरवून घ्या. आणि कृपा करून मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकायला सांगू नका. पर्यटक मागतात म्हणून टाकला जातो. पावावर पट्ट्यांचे तेच ते चार दांडगे मासे येतात आणि बाकीच्यांना हुसकतात.

वेलदोडा

@मालवणी_खवटो, मनापासून आभार. माझ्या लिहिण्यात मालवणवर राग दिसला असेल तर तो त्या एका दिवसावर होता. आणि पावाचं खरं सांगते, त्या दिवशी बोटीतल्या आमच्याच एका काकांनी पिशवी भरून आणला होता.

निशिगंध_नाशिक

त्यात लाइफ जॅकेटचं पण धरा. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. पाण्याखाली काही झालं नव्हतं, बोटीत झालं. आपण खालच्या भीतीपोटी वरचं विसरतो.

मालवणी_खवटो

खरं आहे. तो दिवस गावात कुणी विसरलेलं नाही. जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही, आणि बोट भरलेली वाटली तर उतरायचं. पैसे गेले तर जाऊ देत. आणि २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात. त्या काळात कुणी "गुपचूप नेतो" म्हणाला तर अजिबात जायचं नाही.

प्रा_डॉ_कुर्ली

अवांतर: त्या समुद्रफुलात जो मोठा मासा होता, ती बाई. या जातीत सगळे नर म्हणूनच जन्मतात. घरातला सगळ्यात मोठा तो मादी होतो, त्याच्या खालचा तिचा नवरा, बाकीचे लहान राहतात आणि वाट बघतात. मादी मेली की नवरा मादी होतो आणि रांगेतला पुढचा नवरा. म्हणजे निमोच्या चित्रपटात आई गेल्यावर बाबा जे करतो, ते शास्त्राला धरून नव्हतं.

चहाबाज

सरकारी खात्यातली बढती अशीच असते. फक्त लिंग बदलत नाही.

वेलदोडा

@प्रा_डॉ_कुर्ली, म्हणजे मला हाकलणारा तो रांगेतला उमेदवार होता!

आईबाबाआणिमी

मुलगी साडेआठची आहे. हट्ट करते. बारा मीटर नको, दोन-तीन मीटर चालेल का? एकाने फोनवर "घेऊन या, बघू" म्हटलंय.

खारंवारं

समुद्रातल्या ओळखीच्या डाइव्हला वय किमान १० लागतं. आठ वर्षांच्या मुलांना पोहण्याच्या तलावात दोन मीटरपर्यंत करायला देणारे कार्यक्रम असतात, पण समुद्रात नाही. "बघू" म्हणणाऱ्याकडे नेऊ नका. कारण नुसतं नियमाचं नाही.

उथळ म्हणजे बिनधोक, हा समज माझ्या वरच्या प्रतिसादामुळे होत असेल तर आत्ताच मोडतो. दाबात सगळ्यात मोठा बदल वरच्याच थरात होतो. तीस मीटरवरून वीसवर आलात तर फुप्फुसातली हवा एक-तृतीयांशाने फुगते. दहावरून पृष्ठभागावर आलात तर दुप्पट होते. भरलेला श्वास धरून कुणी घाबरून वर उसळला तर दीड मीटरवरूनसुद्धा फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून पहिला नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही. मोठ्या माणसाला हे सांगितलं तरी तो घाबरला की विसरतो. आठ वर्षांच्या पोरीकडून कशाला अपेक्षा करायची?

कानाचंही तसंच. कान बहुतेकदा पहिल्या तीन-चार मीटरमध्येच दुखतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, दुखायच्या आधी, दर हातभर खाली गेल्यावर. दुखायला लागल्यावर जोर लावायचा नाही, थोडं वर यायचं आणि परत करायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी जायचंच नाही. सर्दीची गोळी घेऊन गेलात आणि खाली तिचा अंमल उतरला तर वर येताना कान बंद होतो, ते आणखी वाईट.

आईबाबाआणिमी

पटलं. स्नॉर्केल घेऊन देते. फोनवाल्याला "नाही" असं कळवलं.

वेलदोडा

खुणांचं मी विसरले होते. अंगठा वर म्हणजे "मस्त" नाही, "वर चला". सगळं ठीक म्हणजे अंगठा आणि तर्जनीचा गोल. आमच्या चिरंजीवांनी निमो बघून आनंदाने अंगठा दाखवला आणि त्यांच्या प्रशिक्षकाने त्यांना इमानदारीत वर नेलं. परत खाली जायला पाच मिनिटं गेली.

दुबईकर_वैद्य

आखातातल्यांसाठी: फुजैराजवळ अल अकाह किनाऱ्यासमोर स्नूपी आयलंड आहे. किनाऱ्यावरून पाण्यात शिरता येतं, उथळ आहे, मासे खूप, नशीब असेल तर कासवं. दुबईहून सकाळी निघून संध्याकाळी घरी. हिवाळ्यात पाणी गार असतं, सूट जाड घ्या. आपल्याला २८ अंशांची सवय, तिथे २२-२३ ला दात वाजतात.

घरकोंबडा

मगरींचं काय? अंदमानात मगरी आहेत ना? कुणीच बोलत नाहीये.

खारंवारं

आहेत. खाऱ्या पाण्यातली मोठी मगर आहे आणि २०१० मध्ये हॅवलॉकलाच, राधानगर किनाऱ्याच्या बाजूला, स्नॉर्केल करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा त्यात मृत्यू झाला. खारफुटी आणि खाड्यांची तोंडं टाळा, किनाऱ्यावर मगरीची पाटी असेल तिथे पाय भिजवायलाही जाऊ नका, संध्याकाळी पाण्यात शिरू नका. डाइव्हवाले ठरलेल्या जागी दिवसाउजेडी नेतात. तुमच्या पायांना खरा त्रास मगरीचा नाही, वाळूतल्या माश्यांचा होणार आहे. डंख चार-पाच दिवस खाजतात.

शिंपलेवाली

मी एक अनुभव लिहू का? माझ्या मावशीने (वय ६६, शिक्षिका, कायदा पाळणारी बाई) किनाऱ्यावर पडलेला पांढरा प्रवाळाचा तुकडा देव्हाऱ्यात ठेवायला म्हणून पिशवीत घातला. परतीच्या विमानतळावर बॅग उघडायला लावली. अख्ख्या रांगेसमोर तिला विचारलं, "मॅडम, यह कहाँ से लिया?" काढून घेतला, समज दिली आणि सोडलं. ती विमानात रडत होती. चूक तिची, पण हॉटेलवाल्याने, टॅक्सीवाल्याने, कुणी तरी आधी सांगायला हवं होतं. उलट जेट्टीवर त्याच रंगाचे दागिने विकायला होते.

प्रा_डॉ_कुर्ली

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टणक प्रवाळ आहेत, म्हणजे कागदावर त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडाही उचलायचा नाही. तुमच्या मावशी थोडक्यात सुटल्या. आणि तो पांढरा तुकडा तिथे निरुपयोगी पडलेला नसतो. अंदमानच्या किनाऱ्यावरची ती पांढरी वाळू बरीचशी प्रवाळाचीच, आणि तीही पोपटमाशाच्या पोटातून आलेली. हा मासा चोचीने प्रवाळ खरवडतो, दळतो आणि वाळू टाकतो.

वेलदोडा

तो कुरकुर आवाज मी ऐकलाय! तडतडाटाच्या मधूनच कुणीतरी खडीसाखर चावावी तसा. मी वळून बघितलं तर निळा-हिरवा, हातभर लांब, तोंड प्रवाळाला लावून. दोन घास खाल्ले, थोडा पुढे गेला आणि मागून वाळूची पिचकारी. त्या वाळूवर मी संध्याकाळी चटई टाकून बसले होते.

रोहित_जी

एक व्यावहारिक प्रश्न. आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी डाइव्ह आणि त्याच दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान असं बसवलंय. फेरी सकाळी साडेदहाची. जमेल ना?

खारंवारं

नाही. एकच उथळ डाइव्ह असली तरी विमानाआधी किमान १२ तास, दोन किंवा जास्त केल्या तर १८. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळू बाहेर पडायला लागतो, विमानात दाब आणखी कमी होतो आणि त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. डाइव्ह पहिल्या-दुसऱ्या दिवशी करा आणि शेवटचा दिवस जेलला ठेवा. (पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजय पुरम आहे, तिकिटावर गोंधळू नका.)

रोहित_जी

बरं झालं विचारलं. बुकिंग बदलतो.

करवंद

मला हात लावायच्या मोहाबद्दल बोलायचंय. मी गेलो तेव्हा तोल जाऊ नये म्हणून एका दगडाला धरलं. दगड नव्हता. प्रशिक्षकाने माझं मनगट धरून असं उचललं की अजून आठवतं. वर आल्यावर म्हणाला, "आपने जो पकड़ा, वह मेरी उमर से बड़ा था।" गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. तो माणूस करेन जमातीचा होता. १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून त्यांचे पूर्वज अंदमानात आणले गेले. बोटींवर आणि डाइव्ह सेंटरांत त्यांची पोरं खूप दिसतात. पाण्यात त्याला काही करावंच लागत नव्हतं, तरंगायचा नुसता. मी मात्र हातपाय मारून चहा ढवळत होतो.

खारंवारं

हात पोटाशी बांधून ठेवा, पायांचे पंख हळू, मांडीतून. हातांनी पाणी कापायला गेलात की खालची वाळू उठते आणि तुमच्या मागच्याला काही दिसत नाही. नवख्यांच्या दर दुसऱ्या व्हिडिओत हेच असतं.

सुमती५८

(आठ महिन्यांनी) धागा वर काढते आहे. आम्ही जाऊन आलो, म्हणून कळवते.

डॉक्टरांनी बीपी बघून सही दिली. मुलगा तरी "काठावर बस" म्हणतच होता. तिथे कमरेएवढ्या पाण्यातली शाळा झाली. मास्कमधलं पाणी काढणं मला दुसऱ्याच वेळी जमलं (वेलदोडा, हे तुला सांगायचंच होतं). मग निघालो. दोन मीटरवर डावा कान दुखला. खारंवारं यांनी लिहिलं होतं तसं थोडी वर आले, परत केलं. परत दुखला. तिसऱ्यांदाही. सर्दी नव्हती, पण तो कान माझा लहानपणापासून असाच. प्रशिक्षक मुलगा घाई करत नव्हता, कितीही वेळ थांबायला तयार होता. मीच अंगठा वर केला. मस्तचा नाही, खरा.

वाईट वाटलं का? दहा मिनिटं वाटलं. मग त्याने मला स्नॉर्केल दिलं, जॅकेट घातलं आणि एका गोल ट्यूबला धरून तिथेच रीफवर नेलं. मी वरून बघत होते, हे खाली. पाणी इतकं स्वच्छ होतं की ह्यांच्या डोक्यावरचं टक्कलही दिसत होतं. एक तास मी पालथी पडून होते, पाठ भाजली. मासे मोजायचे सोडून दिले. आणि त्या मुलाने पैसेही पूर्ण घेतले नाहीत, मी न मागता.

हे वर आले ते हसतच. मला म्हणाले, "मला खालून निमो दिसलाच नाही नीट. सगळा वेळ वर तुझे दोन पाय आणि त्यांच्याभोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे, तेच बघत होतो."

वेलदोडा

सुमतीताई!! वाळूतल्या माश्या चावल्या का?

सुमती५८

सतरा ठिकाणी. खोबरेल तेल लावून बसले आहे.